साडेतीनची केळेवाली

आई गिरणीच्या फाटकावर वाढली, असं आजी सांगायची. “आवस तुजी गेटार वाडली गो,” म्हणायची. लहानपणी मला ते शब्दशः खरं वाटायचं. फाटकाच्या गजाला झोळी टांगलेली आहे, तिच्यात आमची आई निजली आहे आणि शेजारून शेकडो पायताणं चालली आहेत, असं चित्र कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे होतं. पुढे कळलं की गोष्ट पंधरा मिनिटांची होती. रोजची पंधरा मिनिटं, रविवार सोडून, जवळजवळ चार वर्षं.

त्याचं असं होतं. आजी वाइंडिंग खात्यात, कायम पहिल्या पाळीला. सकाळी सात ते दुपारी साडेतीन. बायकांना रात्री गिरणीत ठेवायचं नाही असा कायदा होता, त्यामुळे रात्री बाराला सुटणारी दुसरी पाळी तिला मिळणं शक्यच नव्हतं. आजोबा साचेखात्यात. त्यांनी जॉबरच्या हातापाया पडून स्वतःला दुसरी पाळी लावून घेतली, साडेतीन ते रात्री बारा. ती बाहेर पडेल तेव्हा हे आत जातील, म्हणजे लेकरू सदा दोघांपैकी एकाच्या हाती. बोलायला सोपं. पण आजोबांना भोंगा व्हायच्या आत बिल्ला देऊन साच्याशी उभं राहावं लागे. जरा उशीर झाला की त्यांच्या साच्यावर बदलीवाला. आणि आजीला भोंगा झाल्याशिवाय जागचं हलता येत नसे. वर फाटकाशी बायकांची झडती. ओच्यात कुणी सुताच्या कांड्या तर नेत नाही ना, हे बघायला एक बाई बसवलेली असायची. त्या रांगेत आजीची दहा-पंधरा मिनिटं मोडायची.

तेवढा वेळ माझी आई केळेवालीच्या मांडीवर.

फाटकासमोर पाटी मांडून बसायची ती. नाव आजीलाही आठवत नव्हतं, सगळे केळेवालीच म्हणत. आजोबांच्या मते ती घाटावरची, जुन्नरकडची. आजी म्हणायची, छे, वसईची. पाटीत वेलची केळी असायची ना तिच्या. यावरून त्या दोघांचा म्हातारपणीही वाद व्हायचा आणि आम्ही तो मुद्दाम लावून द्यायचो. एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं की तिनं मूल धरण्याचा एक पैसा कधी घेतला नाही. मे महिन्यात गावाहून येताना आजी तिच्यासाठी आमसुलं आणि कुळीथ आणायची, तेवढंच. आणि तिचा एक नियम होता. आजी फाटकातून धावत यायची, केसांत, पदराला, भुवयांनासुद्धा कापसाची तुसं. हात पुढे केले की केळेवाली पोर मागे ओढायची. “आधी पदर झाड, मग पोर घे.” कापूस पोराच्या नाकात जातो, रात्री खोकतं, हे तिनं आणखी कुणाच्या तरी पोरांचं बघितलेलं असणार. मग आजी भर रस्त्यात पदर झटकायची, केसांवरून हात फिरवायची आणि मगच आई तिच्याकडे येई.

आईचा जन्म १९४६चा. ‘माझी लेक आणि आठ तास एकाच वर्षीचे’ हे आजोबांचं पालुपद होतं. त्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. त्याच साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखातं तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्याआधी १९३४च्या कायद्यानं दिवसाचे दहा तास होते आणि आठवड्याचे चोपन्न. आजोबांनी दहा तासांची गिरणी काही वर्षं पाहिलेली होती, म्हणून त्यांना हे दोन तास हातात आल्यासारखे वाटत. त्या दोन तासांचं काय केलंत, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “तुझ्या आईच्या वेण्या घातल्या.” सकाळी आजी गेल्यावर आईला न्हाऊ घालणं, भाकरी भरवणं, वेणीफणी, सगळं तेच करत. त्या काळच्या पुरुषाला ते कसं जमलं असेल? जमत नसणारच. आईच्या सगळ्यात जुन्या फोटोत तिचा भांग नाकाच्या रेषेत नाही.

आजोबांच्या आजोबांकडे, म्हणजे घराण्यात पहिल्यांदा बोटीत बसून मुंबईला आलेल्या माणसाकडे, तासच नव्हते. ही गोष्ट मी तिसऱ्या तोंडून ऐकलेली, तेव्हा तिखटमीठ वजा करून घ्यावी. दावरशेठांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची पायाभरणी केली ती १८५४ साली. हा आमचा पूर्वज आला त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी. तेव्हा काम दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. म्हणजे जूनमध्ये तेरा तासांच्या वर आणि डिसेंबरात अकराच्या आसपास. सूर्य मालकाच्या बाजूचा की कामकऱ्याच्या, ते ऋतूवर. त्याची बायको काही वर्षं मुंबईत त्याच्यासोबत होती. तिचं एक बोलणं आमच्या घरात चार पिढ्या टिकलं आहे: “थंडयेत बापूस दिसता, गरमेत दिसणा नाय.” थंडीत अंधार लवकर पडतो, गिरणी लवकर सुटते, पोरं जागी असताना बाप घरी येतो. आमच्याकडे अजूनही कुणी बरेच दिवस दिसलं नाही की ‘काय, गरमी चालू आहे वाटतं’ असं म्हणतात. आमच्या सुनांना आधी त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा आल्यावर सूर्याची गरजच उरली नाही. काम चौदा-चौदा तासांवर गेलं. पुरुषांसाठी बारा तासांची वेस घातली गेली ती १९११च्या कायद्यानं. माझे पणजोबा त्या दिव्यांच्या काळात गिरणीत होते, वय वर्षं दहा. पोरांना ‘हाफटायमर’ म्हणत. १८९१च्या कायद्यानं नऊ वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायला बंदी होती आणि नऊ ते चौदाच्या पोराला सात तासांहून जास्त राबवायचं नव्हतं. पण सात तास संपल्यावर पोरगं जाणार कुठे? आई गावी, खोलीला कुलूप, बाप आत. ते कापसाच्या ढिगावर झोपायचं. सुटताना बाप त्याला खांद्यावर टाकून न्यायचा. पणजोबांना स्वतःच्या वडलांचा वास आठवत असे, तेलाचा आणि कापसाचा, खांद्यावर झोपल्यामुळे. चेहरा, म्हणायचे, नीटसा आठवत नाही.

रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी शाळेतही शिकले नाही. पुष्कळ पुढे वाचनात नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आलं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, काही काळ गिरणीत नोकरी केलेले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या वाचून मी थक्क झाले, किती साध्या आणि किती घरगुती त्या! आठवड्यात रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आजीच्या सात ते साडेतीनमध्ये जेवणाचा जो अर्धा तास होता, त्या अर्ध्या तासाचं मूळ मला त्या अर्जात दिसलं. भाकरीवर सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवून ती खात्यातल्या बायकांबरोबर बसायची तो अर्धा तास.

रविवार मात्र लगेच मिळाला नाही. १८९०च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगार सभेला जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. १० जून १८९०ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७च्या प्लेगात गेले. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून त्यांनी तोच मागितला असं सांगतात. मला त्या सभेतल्या दोघींचा विचार सुटत नाही. त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची पोरं कुणी धरली असतील? कुणी तरी धरली असणारच. गर्दीच्या कडेला, झाडाखाली, एखादी म्हातारी.

इथे पणजीची गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना आजी आवाज खाली आणायची. पणजी १९२०नंतरच्या काळात गिरणीत होती. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे. १९२२च्या कायद्यानं दिवसाचे अकरा तास झाले होते. अकरा तास म्हणजे अंगावरचं पोर अकरा तास उपाशी. त्यावर चाळीचाळीतून एक उपाय चालत असे, बाळगोळी. अफूची बारीक गोळी दुधात उगाळून द्यायची, पोर दिवसभर गुंगीत. बाजारात उघड मिळे आणि द्यायला कुणी कचरत नसे. “पोर गप निजलां म्हणजे हात चलत,” असं पणजी म्हणायची म्हणे. तिची दोन मुलं तान्हेपणी गेली. गोळीनं की तापानं, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि मी आज विचारणार तरी कुणाला? एवढं खरं की पुढे आजीच्या पहिल्या बाळंतपणात पणजी गावाहून आली, बाराव्या दिवशी आजीला देवापुढे बसवलं आणि गोळी देणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्या शपथेमुळेच आजोबांना दुसरी पाळी मागावी लागली.

बाळंतपणाचा भत्ता मुंबई इलाख्यात १९२९च्या कायद्यानं आला. त्या विधेयकावर १९२८ साली कौन्सिलात डॉ. आंबेडकर बोलले होते, बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार बराचसा सरकारनं उचलावा असं. पणजीला त्यातलं काही मिळालं की नाही, माहीत नाही. तोवर ती गावाला परतली असावी. कंबर गेली होती तिची.

१९४८च्या कायद्यानं पन्नासांहून जास्त बायका असतील तिथं पाळणाघर ठेवणं भाग पडलं. आजीच्या गिरणीत ते उघडलं तेव्हा आई चार वर्षांची झालेली होती, पण मामा त्यात वाढला. तिथं एक आया होती, कापडाच्या झोळ्या होत्या आणि दुधासाठी बायकांना मध्येच पाच मिनिटं सोडत. म्हणून आमच्या घरात भावंडांची ओळख अशी: आई केळेवालीची आणि मामा पाळण्याचा. मामा सुदृढ झाला, आई किरकोळ राहिली. आजी याचं श्रेय पाळणाघराला द्यायची आणि आई म्हणायची, नाही, मामाला दोन वेळा जास्त दूध मिळालं.

मी स्वतः पाहिलेली चाळ ही सत्तरच्या दशकातली. तिथं वेळ घड्याळात नसे, झोपलेल्या माणसांत असे. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पाळ्यांची माणसं. रातपाळी बारा ते सात. सकाळी आठ वाजता गॅलरीत पाऊल जरा जोरात पडलं की कुणीतरी आतून हलकेच म्हणायचं, “रातपाळीवाले निजलेत.” आम्ही लगोरीसुद्धा कुजबुजत खेळायचो. ओरडायची मुभा साडेतीननंतर. मला अजून दुपारी मोठ्यानं बोलता येत नाही, आणि माझी मुलं याला माझा स्वभाव समजतात.

समोरच्या खोलीत खानावळ होती. एकट्या चाकरमान्यांना जेवू घालणारी बाई पहाटे तीनला स्टो पेटवायची, पहिल्या पाळीच्या डब्यांसाठी. दुसऱ्या पाळीचे बारानंतर जेवायला येत, ते उठले की ती भांडी घासायला बसे. ती निजायची कधी हे मी तरी कधी पाहिलं नाही. तिच्या तासांना कुठलाही कायदा लागू नव्हता. अशाच खानावळवाल्या बायकांना धरून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. आमच्या समोरच्या खानावळवालीचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो गृहपाठ स्टोच्या उजेडाशेजारी बसून करायचा, आणि त्याच्या वह्यांना कायम फोडणीचा वास असायचा. आम्हा मुलींना तो वास फार आवडे.

तिच्याकडे जेवणारे माझे चुलतआजोबा कणकवलीकडे बायकामुलं ठेवून तीस वर्षं मुंबईत एकटे राहिले. गणपतीला आणि शिमग्याला घरी. एका गणपतीत त्यांचा धाकटा त्यांना बघून दाराआड लपला आणि आईला म्हणाला, “आये, पावणो इलो.” हे सांगताना चुलतआजोबा हसायचे. त्यांची बायको कधी हसली नाही.

आणि रविवार. रविवारी आजी-आजोबा दोघंही एकाच वेळी जागे आणि एकाच वेळी घरी, आठवड्यातून एकदाच. आई सांगते, शनिवारी रात्री झोपच यायची नाही. सकाळी आजोबा तिला खोबरेल चोपडून न्हाऊ घालत, आजी बाजार आणे. मोरीत मासळी साफ करताना दोघं गप्पा मारायची. त्या गप्पा आईला आठवतात, विषय नाही, नुसता आवाज. एरवी तिनं त्या दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकलंच नव्हतं. जेवण झालं की चालत राणीच्या बागेत. आजोबा हत्तीपुढे उभे राहून झोपायचे, असं आई म्हणते. उभ्या उभ्या, कठड्याला धरून.

मामाची गोष्ट आठवतच नाही असं आम्ही करतो, पण ती इथं आलीच पाहिजे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. मामा तीस-एकतीस वर्षांचा, दोन लहान पोरं. आता पोरांना बाप दिवसभर घरात मिळाला. तो त्यांना शाळेत सोडी, आणी, अभ्यास घेई, आंबोळ्यासुद्धा करायला शिकला. पहिले दोन महिने पोरं खूष होती. मग मामी शिवणाच्या ऑर्डरी घेऊ लागली, मग रात्रीही घेऊ लागली. एका दुपारी साडेतीनला मी गेले होते तर मामा गॅलरीत नुसता उभा होता. भोंगा होत नव्हता. तो म्हणाला, “कान दुखतात गो, आवाज नाही म्हणून.” पुढे ते गावाला गेले. इतका वेळ मुलांना दिल्यावरही मामा शेवटपर्यंत म्हणायचा की पोरांसाठी आपण काही केलं नाही.

माझं फार सांगण्यासारखं नाही. मी बँकेत, दहा ते पाच, येताजाता लोकल, आणि मुलगी आजीकडे. आजी तेव्हा सत्तरीत, पण साडेतीनला तिचे हात आपोआप पदराकडे जायचे.

आता माझी मुलगी आई झाली आहे. कायद्यानं तिला सव्वीस आठवडे मिळाले, २०१७च्या दुरुस्तीमुळे. पणजीला हे सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं नसतं. सव्वीस आठवडे संपले. मुलगी ऐरोलीला जाते, जावयाला महिन्यातले पंधरा दिवस दुसरी पाळी असते. हा निघतो आणि ती येते यात दीड-दोन तास. तेवढ्यासाठी मी आणि आई, दोघी डोंबिवलीहून निघून त्यांच्याकडे येऊन राहिलो आहोत. २०२५च्या सप्टेंबरात बातमी आली की राज्य मंत्रिमंडळानं रोजच्या कामाची मर्यादा दुकानांत नऊवरून दहा आणि कारखान्यांत नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तसेच ठेवून. जावई हिशोब मांडू लागला, म्हणजे चार दिवस काम आणि तीन दिवस घरी, असंही होऊ शकेल. आईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आणि त्या चार दिवशी पोर कोण धरणार?” जावयाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

आई एकोणऐंशीची आहे. पणतीला ती स्वतः भरवते आणि केळं वेलचीच लागतं तिला, दुसरं चालत नाही. केळेवालीचा चेहरा आठवतो का, असं मी तिला या वयात पुन्हा विचारलं. नाही म्हणाली. मांडी आठवते, लुगड्याचा खरखरीतपणा आठवतो, आणि पिकल्या केळ्यांचा वास.

परवा संध्याकाळी साडेसातला दाराची बेल वाजली. मुलगी आली होती, लोकलच्या गर्दीतून चुरगळलेली, खांद्याला बॅग तशीच. पोरीला बघून तिनं उंबऱ्यातूनच हात पुढे केले. आईनं पणतीला आपल्याकडे ओढून धरलं.

“आधी पदर झाड,” ती म्हणाली, “मग पोर घे.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग बॅग खाली ठेवली, दाराबाहेर मागे सरकली आणि ओढणी दोन्ही हातांत धरून चांगली दोन-तीनदा झटकली.